बागेतली अळी कोणाची, फुलपाखरू कोणतं? बडोद्यातल्या नवशिक्यांसाठी

पावसाने जरा जम बसवला की बडोद्यातल्या ओळखीच्या घरांतून ठरावीक फोटो यायला लागतात. कढीपत्त्याच्या पानावर एक जाडजूड हिरवी अळी आणि खाली प्रश्न: "ही कसली? काय फवारू?" बहुतेक वेळा ती लिंबाळी फुलपाखराची अळी असते. तिच्यावर काहीही फवारायची गरज नसते. दोन आठवड्यांत ती खाणं थांबवते, झाडाला नवी पालवी फुटते आणि बागेत एक फुलपाखरू वाढतं.

फुलपाखरं ओळखायला शिकताना आपण सगळे पंखांच्या रंगांपासून सुरुवात करतो, आणि तिथेच अडकतो. रंग फसवतात. नर आणि मादी वेगळी दिसतात, पावसाळ्यातलं आणि उन्हाळ्यातलं रूप वेगळं असतं, शिवाय काही जाती मुद्दाम दुसरीसारख्या दिसतात. झाड मात्र फसवत नाही. फुलपाखराची मादी कुठेही अंडी घालत नाही. पानावर उतरून ती पुढच्या पायांनी पानाची चव घेते आणि आपल्या पिल्लांना चालणारं झाड असेल तरच अंडं ठेवते. म्हणून या लेखातला क्रम असा: आधी झाड, मग अळी, मग फुलपाखरू. दांडिया बाजारातल्या जुन्या वाड्याच्या चौकात चार कुंड्या असोत की सोसायटीच्या कंपाउंडची हिरवळ, हा क्रम सगळीकडे चालतो.

१. लागणारं सामान

खर्च जवळजवळ काहीच नाही. फोनचा कॅमेरा, दहापट मोठं दाखवणारं छोटं भिंग, मोजपट्टी, मुलांच्या रंगपेटीतला मऊ ब्रश (अळी हलवायची वेळ आली तर), वही आणि पेन्सिल. अळी घरात वाढवून बघायची असेल तर झाकणाला मच्छरदाणीचं कापड लावलेला प्लास्टिकचा डबा.

फुलपाखरं पकडायची जाळी घेऊ नका. ओळखण्यासाठी पकडावं लागत नाही. पंखांवरचे खवले बोटाला लागून जातात ते परत येत नाहीत, आणि काही जातींना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षण आहे. टाचणी लावून संग्रह करायची जुनी हौस आता विसरावी.

२. कधी आणि कुठे बघायचं

बडोद्यात जुलै ते नोव्हेंबर हा सर्वांत चांगला काळ. पावसाची उघडीप पडली की सकाळी आठ ते अकराच्या दरम्यान फुलपाखरं पंख पसरून ऊन खात बसतात, तेव्हा ती जवळ येऊ देतात. दुपारी ती सुसाट असतात. एप्रिल-मेच्या भाजणाऱ्या उन्हात बघायचं असेल तर सकाळी लवकर, पाणी घातलेल्या कुंड्यांजवळ आणि दाट सावलीत बघा.

घराबाहेर सराव करायचा तर कमाटीबाग आहेच. १८७९ साली सयाजीराव महाराजांनी उभारलेल्या या बागेत जुनी मोठी झाडं, वेली, फुलझाडांचे वाफे सगळं एकाच ठिकाणी मिळतं. एक गोष्ट मात्र गंभीरपणे सांगते. विश्वामित्रीच्या काठाला फुलपाखरामागे झुडपांत उतरू नका. नदीत मगरी आहेत आणि त्या काठावर येऊन बसतात. लहान मुलं बरोबर असतील तर पायवाट सोडायचीच नाही.

३. आधी झाड ओळखा

ही पायरी सगळ्यांत महत्त्वाची, म्हणून इथे जरा थांबू. अळी दिसली की तिचा फोटो काढण्याआधी ती कोणत्या झाडावर आहे ते वहीत लिहा. झाडाचं नाव येत नसेल तर पान, फूल आणि पूर्ण झाड असे तीन फोटो घ्या. बागेत नेहमी सापडणाऱ्या जोड्या या:

कढीपत्ता, लिंबू, बेल: ही तिन्ही एकाच कुळातली. यांच्यावर दोन पाहुणे नेहमीचे, लिंबाळी (लाइम बटरफ्लाय) आणि बहुरूपी (कॉमन मॉर्मन). दोघांच्याही लहान अळ्या काळपट-तपकिरी आणि मधे पांढरा डाग, हुबेहूब पक्ष्याच्या विष्ठेसारख्या. पक्षी त्यांच्याकडे बघतही नाहीत. शेवटची कात टाकली की तीच अळी हिरवीगार होते. लहान आणि मोठी अळी एकाच झाडावर दिसली तर लोकांना त्या दोन जाती वाटतात. ती एकाच जातीची दोन वयं असू शकतात.

रुई: मारुतीला पानं वाहण्यासाठी लावलेली रुई असो की रिकाम्या प्लॉटवर आपोआप उगवलेली, तिच्यावर पांढऱ्या-काळ्या पट्ट्यांची, पिवळे ठिपके असलेली अळी दिसली तर ती प्लेन टायगरची. पान तोडताना रुईचा चीक डोळ्यांत जाऊ देऊ नका, फार त्रास होतो. हात साबणाने धुवा.

कण्हेर, वड, पिंपळ, उंबर: कॉमन क्रो, म्हणजे मराठीत हबशी. गच्चीच्या भिंतीतून उगवलेल्या पिंपळाच्या रोपट्यावरसुद्धा याची अळी सापडते.

आसोपालव आणि सीताफळ: टेल्ड जे. बडोद्यातल्या जवळजवळ प्रत्येक सोसायटीच्या भिंतीला आसोपालवाची रांग असते, त्यामुळे काळ्या पंखांवर हिरवेगार ठिपके असलेलं हे चपळ फुलपाखरू इथे सहज दिसतं. आसोपालवालाच पुष्कळ जण अशोक म्हणतात. सीतेचा अशोक हे वेगळं झाड आहे. नोंद करताना ही गल्लत करू नका, नाहीतर पुढची सगळी ओळख चुकते.

बहावा आणि रस्त्याकडेचा कॅशिया: एमिग्रंट जातीची पांढरी-पिवळी, वेगाने उडणारी फुलपाखरं. अळी पानाच्याच हिरव्या रंगाची आणि पानाच्या शिरेला चिकटून बसते, म्हणून आधी कुरतडलेलं पान शोधा, मग अळी.

एरंड: कॉमन कास्टर. याच झाडावर पतंगांच्या अळ्याही असतात. त्याबद्दल पुढच्या पायरीत.

कृष्णकमळाची वेल: टॉनी कोस्टर. मादी पिवळ्या अंड्यांचा पुंजका घालते, त्यामुळे अळ्याही घोळक्याने दिसतात. बाकीची वर सांगितलेली बहुतेक फुलपाखरं एकेक सुटं अंडं घालतात.

चित्रक आणि निळ्या फुलांचा शोभेचा प्लंबॅगो: झेब्रा ब्लू. सायकस: प्लेन्स क्युपिड. बंगल्यांच्या दारात सायकसच्या कुंड्या असतात, त्याच्या नव्या कोवळ्या पानांवर मुंग्यांची लगबग दिसली तर जवळ जाऊन भिंगातून बघा. मुंग्यांच्या मधे छोटीशी चपटी अळी असते. ती गोड रस देते आणि मुंग्या तिची राखण करतात.

हिरवळीत उगवणारी आंबुशी: पेल ग्रास ब्लू. घोळ: डॅनेड एगफ्लाय, म्हणजे छोटा चांदवा. माळी तण म्हणून उपटतात त्यातलीच ही दोन. एखादा कोपरा त्यांच्यासाठी राखून ठेवायला माळीकाकांना सांगा.

इथला सापळा लक्षात घ्या. हे सगळं अळीच्या झाडाबद्दल आहे. फुलावर मध पिणारं फुलपाखरू त्या झाडाचं असेलच असं नाही. घाणेरी, झेंडू, एक्झोरा यांच्यावर पुष्कळ जाती येतात. "झेंडूवर बसलं होतं" ही माहिती ओळखायला जवळजवळ निरुपयोगी आहे. "कढीपत्त्याच्या कोवळ्या शेंड्याला शेपूट टेकवत होतं" ही माहिती मात्र लाखमोलाची. मादी अंडं घालतानाच तशी वागते.

४. अळी निरखून बघा

आधी ती खरंच फुलपाखराची किंवा पतंगाची अळी आहे ना, ते बघा. छातीला तीन जोड्या खरे पाय, मग मधे मोकळी जागा, मग पोटाखाली मऊ गुबगुबीत पायांच्या चार जोड्या आणि शेपटाशी एक जोडी. एकूण मऊ पाय पाच जोड्या किंवा त्याहून कमी. पोटाखाली मऊ पाय सहा किंवा त्याहून जास्त जोड्या भरले तर ती सॉफ्लाय नावाच्या माशीची अळी. मोहरी, मुळा लावणाऱ्यांना ती हमखास भेटते. तिचं फुलपाखरू होणार नाही.

नंतर अंगावर काय आहे ते बघा.

अंगभर दाट, मऊ दिसणारे केस असलेला सुरवंट बहुधा पतंगाचा असतो. त्याला हात लावू नका. शेवग्याच्या खोडावर पावसाळ्यात असे सुरवंट थव्याने चिकटलेले दिसतात. त्यांचे केस कातडीत रुतले की भयंकर खाज सुटते, आणि मेलेल्या सुरवंटाचे केसही तेवढेच टोचतात. केस लागलेच तर चोळू नका. त्या जागी चिकटपट्टी हलकेच लावून उचला, म्हणजे केस पट्टीबरोबर निघतात. मग साबण-पाण्याने धुवा. डोळ्यात केस गेले किंवा श्वास लागला तर सरळ डॉक्टरकडे जा.

केस नाहीत पण फांद्या फुटल्यासारखे कडक काटे आहेत, अशा अळ्या फुलपाखरांच्याही असतात. टॉनी कोस्टर, कास्टर, भिरभिऱ्या (पॅन्सी), चांदवा, सगळ्या काटेरी. दिसायला भीतिदायक असल्या तरी त्या डंख करत नाहीत. पण नवशिक्याने फरक कळेपर्यंत कुठल्याच काटेरी अळीला बोट लावू नये, कारण स्लग कॅटरपिलर नावाची चपटी, हिरवी, काट्यांच्या गुच्छांची पतंगाची अळी फार जोरात डंखते. पाठीवर निळा पट्टा असलेली तिची एक जात आंबा आणि एरंड, दोन्हींवर असते.

म्हणूनच एरंडावर सावध राहा. तिथे एकाच झाडावर तीन वेगळ्या अळ्या सापडू शकतात. फांद्यांसारखे काटे असलेली कास्टर फुलपाखराची, हिरवी चपटी डंख करणारी स्लगची, आणि गुळगुळीत लांबट, चालताना पाठीची कमान करणारी. ही शेवटची सेमीलूपर पतंगाची असते आणि अख्खं पान फस्त करते.

शेपटाच्या टोकाला पाठीवर एकच शिंग असेल तर ती हॉक मॉथ या पतंगाची अळी. बडोद्याच्या बागांत कण्हेरीवर आणि तगरीवर बोटाएवढी जाड हिरवी अळी सापडते, डोक्यामागे डोळ्यांसारखे दोन निळसर ठिपके आणि मागे आखूड शिंग. लोक घाबरून सापाचं पिल्लू म्हणतात. ती ओलिअँडर हॉक मॉथची अळी आहे आणि अगदी निरुपद्रवी आहे. तिला कण्हेरीवर पाहून कॉमन क्रो समजू नका.

क्रो आणि त्याच्या भाऊबंदांच्या अळ्यांना शिंग नसतं, पाठीवर मऊ लांब सोंडा असतात. त्या मोजल्या की काम होतं. दोन जोड्या असतील तर ब्लू टायगर. तीन जोड्या असतील तर प्लेन टायगर किंवा स्ट्राइप्ड टायगर. चार जोड्या असतील तर कॉमन क्रो. बागेतल्या ओळखींमध्ये इतकी सोपी आणि पक्की खूण दुसरी नाही.

लिंबू-कढीपत्त्यावरच्या अळीला ब्रशच्या टोकाने हलकेच स्पर्श केला तर डोक्यामागून लालसर-नारिंगी, दोन टोकांचा अवयव बाहेर येतो आणि उग्र वास सुटतो. ती तिची बचावाची तऱ्हा. यावरून कुळ पक्कं होतं. पण लिंबाळी की बहुरूपी हे हिरव्या अळीवरून सांगणं अवघड आहे. घाईने नाव ठोकू नका. "लिंबू कुळावरची पॅपिलिओ अळी" (पॅपिलिओ हा दोघांच्याही शास्त्रीय नावातला पहिला शब्द) एवढं लिहा आणि फुलपाखरू बाहेर यायची वाट बघा.

५. कोष कसा टांगला आहे?

शेवटच्या दिवसांत अळी खाणं सोडते, जरा आक्रसते आणि झाडावरून चालू लागते. "काल होती, आज नाही, पक्ष्याने खाल्ली" असं तेव्हा वाटतं. भिंत, कुंडीचा काठ, खिडकीचा गज, शेजारच्या झाडाची काडी, सगळं तपासा.

कोष डोकं वर करून, कमरेभोवती रेशमाचा एक धागा बांधून टेकलेला असेल तर तो लिंबाळीच्या किंवा पांढऱ्या-पिवळ्या फुलपाखरांच्या कुळातला. डोकं खाली करून फक्त शेपटाने लोंबकळत असेल तर टायगर, क्रो, भिरभिरी यांच्या कुळातला. क्रोचा कोष आरशासारखा चकाकतो, एकदा पाहिला की विसरता येत नाही. जमिनीत, पालापाचोळ्यात किंवा रेशमी आवरणात गुंडाळलेला कोष बहुधा पतंगाचा.

६. फुलपाखरू: आधी कुळ, मग नाव

भारतात फुलपाखरांच्या तेराशेहून जास्त जाती आहेत. एकदम नाव शोधायला बसलात तर हरवाल. आधी पतंग बाजूला काढा. फुलपाखराच्या स्पर्शिकेच्या टोकाला गाठ असते, पतंगाची स्पर्शिका पिसासारखी किंवा नुसती दोऱ्यासारखी असते. मग कुळ ठरवा.

मोठं, डौलदार, बऱ्याचदा शेपटी असलेलं, फुलावर बसूनही पंख फडफडवत राहणारं असेल तर लिंबाळीचं कुळ. मध्यम, पांढरं किंवा पिवळं असेल तर एमिग्रंट, ग्रास यलोचं कुळ. नखाएवढं ते रुपयाएवढं, निळसर-राखाडी, जमिनीलगत उडणारं असेल तर ब्लूंचं कुळ. जाडसर अंगाचं, मोठ्या डोळ्यांचं, झटके देत उडणारं असेल तर स्किपर. आणि चारच पायांवर उभं दिसत असेल तर टायगर, भिरभिरी, चांदवा, इव्हनिंग ब्राउन यांचं मोठं कुळ, कारण त्यांच्या पुढच्या पायांची जोडी आखूड होऊन छातीशी दुमडलेली असते.

आता नेहमी चकवणारी तीन-चार उदाहरणं.

बहुरूपी. नर काळा, मागच्या पंखावर पांढऱ्या ठिपक्यांची ओळ. मादी मात्र तीन रूपांत येते. एक नरासारखी, दुसरी कॉमन रोझसारखी, तिसरी क्रिमसन रोझसारखी. रोझ जातींची अळी ईश्वरीच्या वेलीवर वाढते, त्या वेलीमुळे फुलपाखरूही विषारी होतं, म्हणून पक्षी त्यांना टाळतात. बहुरूपीची मादी त्याच दिसण्याचा फायदा घेते. ओळखायची खूण पंखांवर नाही, अंगावर आहे. खऱ्या रोझचं पोट लाल असतं, बहुरूपीचं काळं.

प्लेन टायगर आणि छोटा चांदवा. चांदव्याचा नर ओळखायला सोपा, काळ्या पंखांवर जांभळट-निळ्या कडेचे पांढरे गोल. मादी मात्र प्लेन टायगरचीच प्रतिकृती. मागच्या पंखाच्या मध्यावर बघा. प्लेन टायगरला तिथे तीन-चार काळे ठिपके असतात, चांदव्याच्या मादीला तसे नसतात.

ऋतूंची रूपं. इव्हनिंग ब्राउन संध्याकाळी पायाजवळच्या पालापाचोळ्यातून उठतं आणि पुन्हा तिथेच बसतं. पावसाळ्यात त्याच्या पंखांच्या खालच्या बाजूला डोळ्यांसारखे ठिपके स्पष्ट असतात. हिवाळा-उन्हाळ्यात ते जवळजवळ नाहीसे होतात आणि पंख सुकलेल्या पानासारखा होतो. मोरपंखी डोळे असलेल्या पीकॉक पॅन्सीच्या पंखांची खालची बाजूही अशीच बदलते. म्हणून वहीत तारीख हवीच.

पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांचे फोटो. ब्लू मॉर्मन, म्हणजे नीलवंत, हे महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू, २०१५ साली जाहीर झालेलं. कोकणात ते अंगणात येतं. बडोद्याच्या बागेत मोठं काळं फुलपाखरू दिसलं तर आधी बहुरूपीचा विचार करा. सह्याद्रीची यादी इथे जशीच्या तशी लावायची नाही.

७. फोटो कसा घ्यायचा

पंख मिटलेले आणि उघडे, दोन्ही फोटो हवेत. छोट्या निळ्या फुलपाखरांची ओळख फक्त खालच्या बाजूवरच्या ठिपक्यांवरून होते. वरचा निळा रंग कितीही सुंदर आला तरी त्यावरून ग्रास ब्लूच्या जाती वेगळ्या करता येत नाहीत. सावली फुलपाखरावर पडू देऊ नका, ते लगेच उडतं. खाली बसून, हळू हळू पुढे सरका. पहिला फोटो लांबूनच घेऊन ठेवा, मग जवळ जा.

अळीचा फोटो वरून, बाजूने आणि डोक्याकडून, शेजारी मोजपट्टी धरून. आणि पुन्हा सांगते, झाडाचा फोटो विसरू नका.

८. नाव पक्कं करणं

फोनमधलं फोटोवरून शोधणारं अॅप पहिलं उत्तर चटकन देतं, आणि ते पुष्कळदा परदेशातलं असतं. केशरी फुलपाखरू दाखवलं की "मोनार्क" हे नाव हमखास येतं. बडोद्याच्या बागेत तुम्ही पाहिलेलं बहुतेक करून प्लेन टायगर किंवा स्ट्राइप्ड टायगर असतं. अॅपचं उत्तर ही सुरुवात समजा.

मग बटरफ्लाइज ऑफ इंडिया या संकेतस्थळावर ती जात उघडा. तिथे नर, मादी, ऋतूंची रूपं, अळी आणि अळीची झाडं यांचे फोटो एकत्र असतात. तुमच्या वहीतलं झाड त्या यादीत आहे का, हे सगळ्यांत आधी ताडून बघा. बसत नसेल तर नाव बहुधा चुकलेलं आहे.

त्यानंतर आयनॅचरलिस्ट या निसर्गातल्या नोंदींच्या संकेतस्थळावर नोंद टाका. एकाच प्राण्याचे सगळे फोटो एकाच नोंदीत जोडा, झाडाचाही. जातीचं नाव येत नसेल तर कुळापर्यंतच लिहा, जाणकार पुढे नेतात. नोंद घरातली असेल तर जागा अंधुक दाखवण्याचा पर्याय निवडा, म्हणजे घराचा पत्ता उघड होत नाही. सप्टेंबरात देशभर बिग बटरफ्लाय मंथ साजरा होतो, तेव्हा जाणकार मंडळी जास्त सक्रिय असतात आणि उत्तरं लवकर मिळतात.

मराठी नावं वापरा, ती गोड आहेत. पण एकाच फुलपाखराला दोन मराठी नावं असू शकतात, म्हणून वहीत शेजारी शास्त्रीय नावही देवनागरीत लिहून ठेवा: लिंबाळी, पॅपिलिओ डेमोलियस. बहुरूपी, पॅपिलिओ पॉलिटेस. प्लेन टायगर, डॅनॉस क्रिसिपस.

९. शंका उरली तर वाढवून बघा

हा सगळ्यांत खात्रीचा मार्ग, आणि घरात मुलं असतील तर त्यांच्यासाठी याहून चांगला उद्योग नाही. एका वेळी एक-दोन अळ्याच घ्या. ज्या झाडावर सापडली त्याच झाडाची ताजी पानं रोज द्या. लिंबावरची अळी लिंबावरच ठेवा. डब्यातली विष्ठा रोज काढा, आत थेंबभरही पाणी साचू देऊ नका, डबा उन्हात ठेवू नका. कोष करायला एक उभी काडी ठेवा.

पावसाळ्याच्या उबेत लिंबाळीचं अंडं तीन-चार दिवसांत फुटतं, अळी साधारण दोन आठवडे खाते, कोष आठ-दहा दिवस राहतो. थंडीत यापेक्षा जास्त वेळ लागतो. बाहेर यायच्या आदल्या दिवशी कोष पारदर्शक होऊन आतले पंख दिसतात. काळा पडला म्हणून फेकून देऊ नका. फुलपाखरू बहुधा सकाळी बाहेर येतं, पंख ओले आणि चुरगळलेले असतात, ते लोंबकळूनच वाळवतं. त्या वेळी हात लावला तर पंख कायमचे वाकडे होतात. खाली लालसर द्रव पडतो, ते रक्त नाही, कोषात साचलेली घाण ते बाहेर टाकतं.

कधी कोषाला बारीक भोक पडतं आणि आतून छोट्या गांधीलमाश्या बाहेर येतात. मुलं हिरमुसतात. त्यांना सांगा की अळ्यांची संख्या आवाक्यात ठेवणारे हेच जीव आहेत, आणि तीही नोंद करा.

नर्सरीतून आणलेलं नवं रोप अळीला लगेच देऊ नका. त्यावर आधीच औषध मारलेलं असण्याची शक्यता मोठी असते आणि एका पानाने अळी मरते. रोप काही आठवडे उघड्यावर ठेवा, पाऊस लागू द्या, नंतर आलेली नवी पानं वापरा. कडुनिंबाचं तेल सेंद्रिय म्हणून निर्धास्तपणे मारणारे पुष्कळ आहेत. अळी त्यानेही मरते. कढीपत्त्याचं अगदी छोटं रोप असेल आणि अळ्या जास्त असतील तर त्या ब्रशने उचलून लिंबावर किंवा बेलावर ठेवा. फवारणीपेक्षा ते सोपं आहे आणि कढीपत्ता त्याच दिवशी फोडणीला वापरता येतो.

नर्सरीत काय म्हणून मागायचं

बडोद्यातल्या नर्सरीवाल्यांशी आणि माळीकाकांशी बोलताना झाडांची गुजराती नावं लागतात, म्हणून ती इथे देते. कढीपत्ता: मीठो लीमडो. बेल: बीली. रुई: आकडो. कण्हेर: करेण. बहावा: गरमाळो. एरंड: दिवेलो. शेवगा: सरगवो. घोळ: लूणी. आसोपालव आणि सीताफळ तीच नावं. अळीला ईयळ आणि फुलपाखराला पतंगियुं म्हणतात. माळीकाकांना सांगायचं वाक्यही लिहून ठेवा: "आ ईयळने मारता नहीं, एमांथी पतंगियुं थशे."

सुरुवातीला एकच कढीपत्ता आणि एक रुई लावा. रुई मुलांच्या हाताला लागणार नाही अशा कोपऱ्यात. एवढ्या दोन झाडांवर पहिल्याच पावसाळ्यात लिंबाळी, बहुरूपी आणि प्लेन टायगर यांची अंड्यापासून पंखांपर्यंत सगळी रूपं पाहायला मिळण्याची चांगली शक्यता असते. ती नीट ओळखता आली की मग आसोपालवाच्या रांगेकडे वळा.